नावाने शोधलं तर सापडत नाही

युएक्स रिसर्च, म्हणजे माणसं सॉफ्टवेअर कसं वापरतात याचा अभ्यास, म्हटलं की लोकांना चकचकीत मोबाइल ॲप आठवतं. माझ्या वाट्याला आलं पतसंस्थेचं, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत लिहिलेलं सॉफ्टवेअर. राखाडी खिडक्या, माउस असून नसल्यासारखा, सगळा कारभार एंटर आणि वरच्या एफ-बटणांवर. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ची. मायक्रोसॉफ्टने २०१५च्या जानेवारीत तिच्यावरून हातही काढून घेतला. देवगड तालुक्यातल्या त्या शाखेत याची कुणाला फिकीर नव्हती, कारण रोजकीर्द रोज जुळत होती.

आमच्या कंपनीला याची वेब आवृत्ती करायची होती. रिसर्चची जबाबदारी माझ्याकडे, सोबत दोन नवी मुलं. वरून आदेश एवढाच: स्क्रीन छान दिसायला हवी.

आधी वेळ साधावी लागते. मार्चअखेरीला कुणी दारात उभं करत नाही. जूनमध्ये मासेमारी बंद, आंबाही आटोपलेला, तेव्हा माणसं निवांत बोलतात. पण निवांतपणी माणूस काम कसं करायला हवं ते सांगतो. ते होतं कसं, हे गर्दीतच दिसतं. म्हणून चाकरमानी गावी असतात त्या मे महिन्यातही आम्ही काउंटरमागे स्टूल टाकून बसलो.

या सॉफ्टवेअरमध्ये कोण कुठे अडलं याची नोंद राहत नाही. स्टॉपवॉच काढलं असतं तर रोखपाल ताईंना वाटलं असतं, हे आपली नोकरी मोजायला आले. मुलांना सांगितलं, एकच गोष्ट टिपा: ताईंची नजर पडद्यावरून कधी हटते आणि कुठे जाते.

ती जायची एका जाडजूड वहीकडे. खातेदारांची नावं आणि पुढे खाते क्रमांक, सगळं हाताने लिहिलेलं. विचारलं तर म्हणाल्या, "नावान शोधूक गेल्यार गावना नाय."

कारण फॉन्टमध्ये होतं. नावं युनिकोड ही आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये भरलेली. त्यात अक्षर नव्हे, अक्षराचे तुकडे साठवतात. कुणी अख्खा 'श' टाकला, कुणी अर्धा 'श' टाकून पुढे काना दिला. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. शिवराम समोर उभा आणि पडद्यावर शिवराम नाही.

त्यात एकाच गावात एकाच नावाआडनावाची चार माणसं. ओळख पटते ती वाडीवरून, आणि सॉफ्टवेअरमध्ये वाडीला जागाच नाही. म्हणून दुसऱ्या फोन नंबरच्या रकान्यात 'खालचीवाडी', 'बंदर' असं भरलेलं. आमचे डेव्हलपर तो रकाना कचरा समजून पुसणार होते! अख्ख्या रिसर्चमध्ये हा एक शोध लागला असता तरी माझा पगार वसूल होता, असं मला अजूनही वाटतं.

मूळ प्रोग्राम लिहिणारे काका आता निवृत्तीला आलेले. त्यांच्यासमोर 'जुनाट' हा शब्द काढायचा नाही, अशी मुलांना ताकीद होती. त्यांना परीक्षेला बसवलं नाही, काउंटरवर सोबत नेलं. रकान्यांची नावं अशी तुटकी का, तर त्या फाइलींत नाव दहा अक्षरांपलीकडे जात नसे. फाइल दोन जीबीच्या वर जाऊ नये म्हणून जुनी वर्षं वेगळी काढून ठेवलेली. हे कुठल्याही कागदावर नव्हतं, फक्त काकांच्या डोक्यात होतं.

मग निष्कर्षांचे दोन ढीग केले: तंत्राने लादलेलं आणि माणसांनी कमावलेलं. वही पहिल्या ढिगात. एफ-बटणं दुसऱ्या. वरिष्ठांना नेमकं उलटं वाटत होतं. वही म्हणजे गावाकडची सवय आणि बटणं म्हणजे मागासलेपण. वाद घालत बसले नाही. नव्या आवृत्तीचा नमुना ताईंसमोर ठेवला आणि वरिष्ठांना मागे उभं केलं. खात्याचा प्रकार निवडायला ताईंना दरवेळी माउस शोधावा लागला. जुन्यात त्या पडद्याकडे न बघता, पुढच्या माणसाशी बोलत पावती काढायच्या. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

बटणं राहिली. वाडीला स्वतःचा रकाना मिळाला आणि शोध वाडीवरूनही होतो. नावं युनिकोडमध्ये आणताना यंत्राने बदललेली यादी शाखेतल्या माणसांनीच वहीशी ताडून बघितली. डॉट मॅट्रिक्सवरचा रुंद अहवाल मात्र तसाच आहे. ऑडिटला तो त्याच रचनेत लागतो आणि तिथे अजून आमची डाळ शिजलेली नाही.