तुम्ही विचारलंत म्हणून: स्कॅनिंगचे पैसे कशाचे?

"कोड तर माझ्या मोबाइलवर पण दिसतोय, मग तुम्ही पैसे कशाचे घेताय ओ?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्याकडे दुरुस्तीला गाडी घेऊन येणारे बहुतेक जण हे विचारतात. कुणी चहा पिता पिता, कुणी बिल हातात पडल्यावर. मी दोन-चार वाक्यांत उत्तर देत आलो आणि ते पटलेलं नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचत आलो. लागतं ते मनाला. म्हणून एकदा सविस्तर.

कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेल्या बिघाडाचा नंबर, फोनवर दिसतो हे खरंच आहे. पाच-सहाशे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं की झालं. त्यासाठी मी लागत नाही, आणि नुसता कोड वाचून द्यायचे मी पैसे घेतही नाही. पण कोडमध्ये सेन्सरचं नाव असतं ते एवढ्याचसाठी, की गडबड त्याच्या आकड्यावरून ईसीएमच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, लक्षात आली. तो सेन्सरच गेलाय असं त्यात म्हटलेलं नसतं. पुष्कळदा तर तोच एकटा खरं सांगत असतो.

आणि उलटंही होतं, सेन्सर बिघडलेला असतो पण कोड येत नाही. कूलंटचा टेम्परेचर सेन्सर घ्या. इंजिन थंड असताना त्याचा रेझिस्टन्स अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ८० अंशांना तीनशेच्या घरात येतो. वायर तुटली तर ईसीएमला इंजिन उणे ४० अंशांवर असल्यासारखं वाटतं आणि कोड लगेच येतो. पण तोच सेन्सर म्हातारा होऊन गरम इंजिनाला ५५ अंश सांगायला लागला, तर तो आकडा अशक्य नसतो. मग कोड येईलच असं नाही. गाडी पेट्रोल पीत राहते, प्लग काळे पडतात आणि मालक पंपावर संशय घेतो. म्हणून मी गाडी रात्रभर ठेवून घेतो. सकाळी इंजिन चालू करण्याआधी नुसती चावी फिरवून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायचं. दोन्ही जवळजवळ सारखीच हवीत. नसतील तर दोनांपैकी एक खोटं बोलतोय. या तपासणीला खर्च शून्य, पण गाडी थंड लागते, आणि "तासाभरात द्या" म्हणणाऱ्याची गाडी थंड कधीच नसते.

आता एका स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसबद्दल सांगतो, कारण हे लिहायला बसलो तेच तिच्यामुळे. १.८ लिटर टर्बो, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० पीएस. २००४ मध्ये ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा तेवढ्या पैशात एवढी ताकद देणारं फारसं काही नव्हतं, आणि आजही तवंदी घाट चढताना ती तिसऱ्या गिअरमध्ये जशी खेचते तसं खेचणारं इंजिन मला आवडतं, हे मी लपवत नाही. मालक तिशीतला पोरगा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टला. गाडी वडिलांची, आणि वडील आता नाहीत.

त्याचा कोड होता पी ११३६. म्हणजे आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), ईसीएम पेट्रोल वाढवून वाढवून मर्यादेला पोचलाय. पहिल्या ठिकाणी त्याला लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला लावला. कोड खोडला, आठवड्यात परत आला. दुसऱ्या ठिकाणी हवा मोजणारा एमएएफ बदलला. आता गाडीची ताकदही गेली. तिसऱ्या ठिकाणी ईसीएम गेलाय म्हणाले, तेव्हा कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं. दोन सेन्सरमध्ये त्याचा महिन्याचा पगार गेला होता.

मी आधी ईसीएमचे ग्राउंड, म्हणजे बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरी, बघितले. मल्टिमीटर लावून, इंजिन चालू ठेवून, दिवे आणि पंखा लावून. शंभर मिलिव्होल्टच्या वर व्होल्टेज ड्रॉप दिसला की सगळ्याच सेन्सरांचे आकडे सरकतात. तिथे काही नव्हतं. मग स्कॅनरवर ३२ नंबरचा ग्रुप उघडला. ईसीएम पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय याचे त्यात दोन आकडे असतात: आयडलची दुरुस्ती आणि चालत्या गाडीची दुरुस्ती. पाइप फाटून चोरून हवा येत असेल तर आयडलचा आकडा चढतो, कारण आयडलला इंजिन घेतंच सेकंदाला दोन-तीन ग्रॅम हवा आणि त्यात थोडी चोरटी मिसळली तरी हिशेब बिघडतो. चालताना हवाच इतकी जाते की तेवढ्याने फरक पडत नाही. एमएएफ कमी मोजत असेल तर चालतानाचा आकडा चढतो. या गाडीत दोन्ही चढलेले होते. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते.

पहिला धुराच्या मशीनने सापडला; पाइपांत धूर भरला की फाटलं असेल तिथून तो बाहेर येतो. सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली क्रँककेस ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ नेणारा, रबरी पाइप जातो, त्यात एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्या मधला तुकडा तेलाच्या वाफेने फुगून मऊ पडला होता आणि खालच्या अंगाने फाटला होता. वरून बघितला तर धडधाकट. बोट घालून दाबलं तेव्हा भेग उघडली. रबर इतकी वर्षं टिकलं हेच पुष्कळ. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तेव्हा त्या भेगेतून हवा आत येते आणि मिक्श्चर लीन होतं. टर्बोचा बूस्ट चढला की त्याच भेगेतून मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) होतं. एकच भोक दोन उलट लक्षणं दाखवतं, आणि लॅम्डा सेन्सर बिचारा दोन्ही वेळा बरोबर सांगत होता. बदलण्याआधीचाही.

पाइप घातला. आयडलचा आकडा शून्याजवळ आला. चालतानाचा तसाच चढलेला. फुल थ्रॉटलला एमएएफ सेकंदाला ८५ ते ९० ग्रॅम दाखवत होता. या इंजिनाला १२०च्या आसपास हवेत. मी त्याला विचारलं, जुना एमएएफ काय केलास? तो म्हणाला, डिकीत आहे, नव्याच्या बॉक्समध्येच. तो काढून लावला, गाडी घाटात नेली. ११८.

जुना चांगला होता. नवा नकली निघाला.

त्याला हे सांगताना मला बरं वाटलं नाही. तो बराच वेळ बॉनेटकडे बघत उभा राहिला, मग म्हणाला, "म्हणजे मी पैसे देऊन बिघाड घेतला." मी काही बोललो नाही. मग त्याने माझं बिल बघितलं आणि तोच प्रश्न विचारला. पाइप तर थोडक्या पैशांचा, बाकीचे कशाचे? चिडून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. बिल त्याने पूर्ण दिलं. महिन्याभरात गाडी विकली. ती नीट चालत होती तरी विकली, कारण तिच्यावरचा त्याचा भरवसा उडाला होता.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी ठासून सांगायचो की पार्ट बदलून बघणं म्हणजे जुगार, आणि मीटर हातात असताना जुगार खेळायचा नाही. आज तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं: मग त्या आरएसमध्ये तू काय केलंस? पार्ट बदलूनच बघितलास ना? खात्रीचा सेन्सर लावून बघणं ही कधी कधी सगळ्यात चांगली चाचणी असते, आणि म्हणून आता माझ्या ड्रॉवरमध्ये तसे चार-पाच सेन्सर असतात. यावर तेव्हाचा मी म्हणेल की आधी आकडे वाचलेस, शंका एका जागी आणलीस, मग लावलास. आणि चाचणीचा पार्ट तू गिऱ्हाइकाला विकत नाहीस. बरोबर आहे. पण ज्यांनी त्याचा लॅम्डा बदलला त्यांनाही आपली शंका तितकीच पक्की वाटली असेल. त्यांच्याकडे धुराचं मशीन नव्हतं, मागे तीन गाड्या उभ्या होत्या आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. त्यांना नुसतं नावं ठेवून मी मोकळा होऊ शकत नाही.

दुसरं टोक म्हणजे दोष सापडलाच नाही तर? तसंही होतं. गरम झाल्यावर महिन्यातून एकदा तुटणारी वायर माझ्यासमोर तुटेलच असं नाही. तेव्हाही मी वेळेचे पैसे घेतो, आणि घेताना हात जड होतो. न घ्यावेत तर दिवस फुकट. घ्यावेत तर माणूस बिघडलेली गाडी आणि रिकामा खिसा घेऊन जातो. मध्ये अर्धे घेऊन बघितले. त्यानेही कुणाचं समाधान झालं नाही, माझंही नाही. बायको म्हणते, आधीच सांगत जा. आधी सांगितलं की निम्मे लोक गाडी वळवून सेन्सर बदलायला जातात, कारण तिथे पैशाच्या बदल्यात हातात काहीतरी वस्तू येते.

तरी आणणार असाल तर आदल्या संध्याकाळी आणून लावा. येण्याआधी कोड खोडू नका. खोडला की ईसीएमने शिकलेले दुरुस्तीचे आकडेही जातात, आणि मला तेच बघायचे असतात. बदललेले जुने पार्ट फेकले नसतील तर बरोबर आणा. आणि एअर फिल्टर तेल लावायचा असेल तर तेही सांगा, कारण ते तेल एमएएफच्या फिल्मवर बसतं आणि तो हवा कमी मोजायला लागतो.