एफआरसीचा पिट : दोन मॅचच्या मधल्या वेळात काय बघायचं

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे आपली एफआरसी, शाळकरी मुलांच्या टीमनी बनवलेल्या रोबोटची स्पर्धा, उरकून टीम नुकतीच परत आली. मॅच, रँकिंग, अलायन्स सिलेक्शन (शेवटच्या फेऱ्यांसाठी जोडीदार टीम निवडणं) यावर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते पिटबद्दल, म्हणजे स्पर्धेच्या ठिकाणी प्रत्येक टीमला रोबोट दुरुस्त करायला मिळते त्या जागेबद्दल. पहिल्यांदा जाणाऱ्या टीम सगळी तयारी मैदानासाठी करतात, आणि रोबोट खरा टिकतो किंवा कोलमडतो तो पिटमध्ये.

पहिला दिवस सामान लावण्यात आणि इन्स्पेक्शनमध्ये (रोबोट नियमात बसतो का याची तपासणी) जातो. पिट साधारण १० फूट बाय १० फुटांचा. टूलबॉक्स, बॅटरीचं कार्ट, सुटे भाग सगळं मागच्या भिंतीला लावा. रोबोट मधोमध ठेवा, चारी बाजूंनी माणूस फिरू शकला पाहिजे. पिटमध्ये पाऊल टाकण्याआधी सेफ्टी चष्मा डोळ्यावर हवा, बघायला आलेल्यांच्यासुद्धा. इन्स्पेक्शनला जाण्याआधी प्रत्येक बोल्टवरून एकदा हात फिरवा, कारण ट्रकच्या प्रवासात मॅचइतकेच हादरे बसतात. आमच्या मुलांनी घरूनच प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर पेंट मार्करने आडवी रेघ मारून आणली होती, अर्धी बोल्टवर, अर्धी फ्रेमवर. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. पाना न लावता नुसत्या नजरेने कळतं. पुढे ही रेघ फार कामाला आली.

मॅच साधारण अडीच मिनिटांची. वेळापत्रकात पुढची मॅच चार मॅचनंतर असेल तर अर्धा तास आहे असं वाटतं, पण रोबोट मैदानावरून आणायचा आणि पुन्हा लवकर रांगेत न्यायचा, यात त्यातला मोठा हिस्सा जातो. म्हणून पहिलं काम ड्रायव्हरला विचारणं, तेही कार्ट ढकलत येतानाच: काय वेगळं वाटलं? कधी? धडक बसल्यावर की आर्म वर गेल्यावर? पाना उचलण्याआधी ही उत्तरं हवीत. पिटमध्ये पोचल्यावर दहा जण दहा गोष्टी सांगतात आणि ड्रायव्हरचं बोलणं त्यात हरवतं.

मग बॅटरी. प्रत्येक मॅचला ताजी, याला अपवाद नाही. १२ व्होल्टची, लेड-ॲसिडची ही बॅटरी चार्ज व्हायला काही तास घेते, त्यामुळे प्रत्येकीवर नंबर टाका आणि कोणती कधी उतरली ते वहीत लिहा. मैदानावरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, थोडी निवू द्या. नुसता व्होल्टेज बघून बॅटरी चांगली ठरवू नका. टेस्टरवर अंतर्गत रोधही बघा. इतरांपेक्षा ज्या बॅटरीचा रोध ठळकपणे जास्त येतो ती सरावाला ठेवा. आणि टर्मिनलवरचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोटाने हलवून बघा. हलला, तर नट सैल आहे. सगळ्या मोटर एकदम ओढायला लागल्या की तिथेच व्होल्टेज पडतो, रोबोट अडखळतो आणि सगळे कोडला दोष देतात. बॅटरी वायरला धरून उचलू नका, हे नव्या मुलांना रोज सांगावं लागतं.

आमच्याकडे यंदा सर्वात किचकट दुखणं निघालं ते कॅन बसचं, म्हणजे मोटरच्या कंट्रोलरपर्यंत संदेश नेणाऱ्या दोन वायरच्या जोडणीचं. ड्रायव्हर म्हणाला, "सर, धडक बसली की डावी बाजू मरते, दोन सेकंदांनी आपोआप येते." सगळ्यांची नजर प्रोग्रामरकडे. इलेक्ट्रिकल बघणाऱ्या मुलीने मात्र बॅटरी काढून मल्टिमीटर घेतला आणि पिवळ्या-हिरव्या वायरमधला रोध मोजला. बसच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे सगळं जोडलेलं असेल तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर मध्ये कुठेतरी तुटलंय. तिच्या मीटरवर ६० होते. तिने मीटर तसाच लावून ठेवला आणि दुसऱ्या मुलाला वायरचा एकेक जुडगा हलवायला सांगितला. आर्मच्या बुडाशी हात गेला आणि आकडा १२० वर उडाला, परत ६०, परत १२०. झिप टाय इतका करकचून आवळलेला होता की आर्म वर जाताना वायर कनेक्टरमधून ओढली जात होती. नवा कनेक्टर क्रिंप केला (वायरवर दाबून बसवला), वायरला बोटभर ढील दिली, टाय पुढे सरकवला. त्यानंतर ती भानगड परत आली नाही. मीटर नसेल तर निदान प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. जी हातात येते ती मैदानावर सुटणारच होती.

यांत्रिक बाजूला काळी पूड शोधा. ॲल्युमिनिअमच्या जोडात रिव्हेट किंवा बोल्ट ढिला झाला की पत्रा घासतो आणि त्याच्याभोवती करडं-काळं वर्तुळ दिसायला लागतं. तो रिव्हेट दिसायला घट्ट असला तरी ड्रिल करून बदला. चेनचा ताण, मास्टर लिंकची क्लिप, इनटेकचे (खेळातल्या वस्तू, म्हणजे गेमपीस, आत ओढणाऱ्या भागाचे) रोलर, चाकांचे स्क्रू, मेन ब्रेकरच्या (रोबोटच्या मुख्य स्विचच्या) लाल बटणावरचं संरक्षण यावर एक चक्कर पुरते. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा गोंद) लावताना निळा वापरा. लाल काढायला उष्णता द्यावी लागते आणि पिटमध्ये तेवढी सवड नसते. आणि पॉलिकार्बोनेटजवळ थ्रेडलॉकर मुळीच नको. त्याने त्या प्लास्टिकला तडे जातात. तिथे नायलॉनचे लॉकनट.

कशाला हात लावायचा नाही, हे ठरवायला एकच माणूस असावा. आमच्याकडे पिट कॅप्टन एक मुलगी होती आणि तिचा शब्द मेंटॉरनीही मानला. इनटेकची एक बाजू वाकली होती, पण गेमपीस येत होते. तिने ते रात्रीवर ढकललं. मला तो निर्णय फार आवडला. वेल्डिंग पिटमध्ये करता येत नाही. स्पर्धेच्या जागी मशिन शॉप असेल तर भाग तिकडे न्यावा लागतो, आणि त्यात किती वेळ जाईल हे आपल्या हातात नसतं. मोठा बदल केलात तर पुन्हा इन्स्पेक्शन लागतं, वजनही पुन्हा बघतात. कोडमध्ये दोन मॅचच्या मध्ये सुधारणा करायचा मोह होतो. ज्या बदलाची पिटमध्ये चाचणी घेता येत नाही तो मैदानावर नेऊ नका.

दुरुस्ती झाली की रोबोट ठोकळ्यांवर ठेवून चाकं अधांतरी करा, मोठ्याने सांगून चालू करा आणि प्रत्येक हालचाल एकदा करून बघा. मग पुढच्या मॅचला आपण कोणत्या रंगाच्या बाजूला आहोत ते वेळापत्रकात बघून लाल किंवा निळे बंपर लावा. सुटा भाग कमी पडला तर शेजारच्या पिटमध्ये विचारा. एफआरसीत प्रतिस्पर्धी टीमच अवजार घेऊन धावत येतात, आम्हालाही गिअर असाच मिळाला.

प्लेऑफमध्ये मधला वेळ आणखी आटतो, तेव्हा बॅटरी, चार-पाच अवजारं, झिप टाय आणि सुटे भाग कार्टवर घेऊनच मैदानाजवळ थांबा. परतीचं पॅकिंग करताना न्यूमॅटिक्समधली हवा सोडा, आर्म बांधून टाका, बॅटरीच्या कनेक्टरवर टोपण बसवा. राहिलेल्या दुरुस्त्यांची यादी ट्रक निघायच्या आधीच लिहा, कारण घरी पोचेपर्यंत कोणता आवाज कुठून येत होता हे कुणालाच आठवत नाही.