बाईंची चुकांची वही

स्मरणिकेसाठी शाळेचं पत्र आलं आणि पहिली आठवली ती बाईंची लाल खडूची डबी. इमारत, स्नेहसंमेलनं, मैदान यांवर बाकीचे लिहितीलच. हे फक्त बाईंबद्दल.

नापास होण्याच्या भीतीवर बाई कधी 'घाबरू नकोस' म्हणाल्या नाहीत. त्या चूक उघडायला लावत. दोनशे पानी वही. डाव्या पानावर चुकलेलं गणित जसंच्या तसं. खाडाखोड नाही, पान फाडणं तर नाहीच. उजवीकडे कितव्या ओळीत बिघडलं आणि कशामुळे: चिन्ह, आकडेमोड, सूत्र, की प्रश्नच नीट वाचला नाही? तेच गणित तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी न बघता पुन्हा. कारण म्हणून 'निष्काळजीपणा' लिहिलं की बाई काट मारत, कारण त्यावरून दुरुस्त काय करायचं ते कळत नाही. महिन्याभराने पानं चाळली की बहुतेक चुका एकाच जातीच्या निघत. 'गणिता'ची भीती मग कंसाबाहेरच्या वजा चिन्हाएवढीच उरे.

वहीचं मूळ बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, असं त्या सांगत. शिष्य पेत्राने प्रभू येशूला ओळखत नसल्याचं सांगून तीनदा नाकारलं, त्या रात्री तो अंगणातल्या कोळशाच्या विस्तवाशी शेकत होता (योहान १८). पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूने शिष्यांना न्याहारीला बोलावलं, तिथेही कोळशाचाच विस्तव (योहान २१). मूळ ग्रीकमधला हा शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच जागी येतो. तिथे प्रभूने पेत्राला 'माझ्यावर प्रेम करतोस का?' असं विचारलं, तेही तीनदाच. प्रभूने ते पान फाडलं नाही, पेत्राला त्याच पानाशी आणून बसवलं. पण आधी जेवू घातलं, मग विचारलं. म्हणून निकालाच्या दिवशी बाई कुणालाही वही उघडू देत नसत.

गणित कोरं सोडलेलं मात्र त्यांना खपत नसे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यात (मत्तय २५) तिसऱ्या चाकराने धन्याचे पैसे भीतीपोटीच जमिनीत पुरले, हे त्या लगेच ऐकवत. उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात, कोऱ्या जागेला शून्य. 'पास केलंस तर अमुक करीन' अशी प्रार्थना ऐकली की हसून म्हणायच्या, "हा नवस झाला गं!" विश्वास ठेवला की पास, असंही त्यांनी कधी सांगितलं नाही. देवाचं लेकरू असणं गुणपत्रिकेवर ठरत नाही, एवढं मनाशी म्हणून पेपर उघडायचा.

तेव्हा दहावीला अडकलेल्यांना ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळे. वही पुरी व्हायची. २०१५ पासून फेरपरीक्षा साधारण जुलैच्या आसपासच होते. वर्ष वाचतं हे चांगलंच, पण वही निकालानंतर लगेच सुरू केली नसेल तर एवढ्या आठवड्यांत काय होणार?

आठवी ब ला तो फळा आठवत असेल. ५ − ३(क्ष − ४) = २. बाईंनीच कंस सोडवताना − १२ लिहिलं आणि क्ष = −३ आलं. ताळा करायला किंमत घातली तर डावी बाजू २६! मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "बाई, चिन्ह." बाईंनी डस्टर उचललं नाही. लाल खडूने त्या वजाभोवती गोल केला, शेजारी तारीख घातली, + १२ घेऊन क्ष = ५ काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'पुसू नये'. मावशींनी दोन दिवस तेवढा भाग सोडून फळा पुसला.