थुलुसधूच्या लगूनमध्ये मोटरच्या सर्फबोर्डवर

विमानातून 160 वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला सोबत नेता येत नाही आणि मोटरच्या सर्फबोर्डची बॅटरी बहुधा त्याच्या कितीतरी पट मोठी असते. त्यामुळे आमचे बोर्ड जहाजाने आधीच मालदीवला रवाना झाले आणि चाचणी घेणारे आम्ही मागाहून विमानाने पोचलो. हुलहुले बेटावरचा विमानतळ म्हणजे मधे धावपट्टी आणि कडेने समुद्र. बाहेर पडलं की समोरच बोटींचा धक्का. तिथून स्पीडबोटीने थुलुसधू.

उत्तर माले कंकणद्वीपाच्या, म्हणजे कड्यासारख्या प्रवाळी बेटसमूहाच्या, पूर्व कडेवरचं हे वस्तीचं बेट. सर्फिंगवाले इथे येतात ते प्रवाळाच्या भिंतीवर फुटणाऱ्या 'कोक्स' नावाच्या लाटेसाठी. मोठ्या लाटांचा मोसम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. आम्ही मुद्दाम मार्च निवडला. ईशान्य मोसमी वारे संपत आलेले असतात, लगूनचं, म्हणजे भिंतीच्या आतलं, पाणी सपाट असतं आणि तळ स्वच्छ दिसतो. मोटर जोखायची तर लाटेची मदत नकोच.

पेट्रोलचा बोर्ड आधी उरकला. टू-स्ट्रोक इंजिन, ताशी 50 किलोमीटरच्या आसपास वेग, वळणावर अफाट पकड. थरार आहे, नाकारत नाही. पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेलही जळतं आणि त्यातलं सगळं काही जळून जात नाही. इथल्या प्रवाळाने 1998 आणि 2016 मध्ये तापलेल्या समुद्रामुळे रंग गमावला, त्यातला बराचसा मेला. जो सावरतोय त्याच्या डोक्यावर हा धूर आणि गोंगाट नेणं मला पटलं नाही. आम्ही तो भिंतीबाहेर, खोल पाण्यातच चालवला.

इलेक्ट्रिक जेटबोर्ड वेगळा. पोटातून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं, एवढंच त्याचं तंत्र. खाली काही लोंबत नाही, म्हणून उथळ पाण्यावरूनही तो जातो. मनगटाला किंवा पायाला बांधलेल्या दोरीच्या टोकाला चुंबक असतं. तुम्ही पडलात की ते सुटतं आणि मोटर थांबते. पण समुद्री गवताच्या पट्ट्यावरून गेलो की आतलं पातं गुरफटायचं आणि पूर्ण वेगात बॅटरी भराभर उतरायची. शिवाय वजन! ओल्या वाळूतून तो उचलून नेणं हे दोघांचं काम.

मन रमलं ते फॉइलवर. बोर्डाखाली पाऊण मीटरच्या आसपास लांबीचा दांडा, त्याच्या टोकाला पंख आणि दांड्यालाच पातं फिरवणारी मोटर. आधी पालथं पडायचं, मग गुडघ्यांवर, मग उभं राहायचं. वेग पुरेसा वाढला की पंख पाण्यात वर उचलला जातो आणि बोर्ड पाण्याचा पृष्ठभाग सोडतो. त्या क्षणी आदळआपट एकदम बंद होते. पाणी बोर्डाला घासत नाही, त्यामुळे ताकदही कमी लागते आणि तेवढ्याच बॅटरीत कितीतरी लांब जाता येतं. वर-खाली होणं सगळं पायांतल्या वजनावर: पुढच्या पायावर भार दिला की खाली, मागच्यावर दिला की वर. नवशिका घाबरून मागे रेलतो, पंख पाण्याबाहेर येतो आणि तो पडतो. पडताना बोर्डापासून लांब, बाजूला उडी घ्यायची, कारण पंखाच्या कडा धारदार असतात. हेल्मेट हवंच.

मात्र फॉइलला खोली लागते. ओहोटीला लगूनचा अर्धा भाग त्याला बंद होतो. पंख एकदा प्रवाळावर आपटला तर दोघांचंही नुकसान, आणि प्रवाळाला भरून यायला वर्षं लागतात. म्हणून रोज भरतीची वेळ पाहून निघायचो.

एका सकाळी खाडीसारख्या खिंडीतून आम्ही फॉइल भिंतीबाहेर नेला. तिथे फुटायला बराच अवकाश असलेली, लांबरुंद, बुटकी लाट चालत होती. साध्या बोर्डाला ती पकडताच येत नाही. मोटरने तिच्याइतका वेग घेतला, हातातल्या रिमोटवरचा अंगठा सैल केला, मोटर थांबली. आणि पंख लाटेच्याच जोरावर पुढे जात राहिला. मोटर नेमकी कशासाठी हवी ते मला तिथे कळलं. ती लाटेपर्यंत पोचवण्यासाठी हवी, लाटेची जागा घेण्यासाठी नाही.

परतताना पुढ्यात कासव श्वास घ्यायला वर आलं. वरून फॉइल इतका शांत की आपण कुणाला बिचकवत नाही असं वाटतं. पण पाण्यात डोकं घातलं की मोटरचा बारीक सूर स्पष्ट ऐकू येतो. कासवाला तो कळला तरी ताशी 30 किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या पात्यापासून ते किती लवकर हटणार? तेव्हापासून लगूनमध्ये मी पंख उचलला जाईल एवढाच वेग ठेवला आणि पोहणाऱ्यांपासून खूप लांबून गेलो.

आणि चार्जिंग. अशा बेटांवर वीज बहुतांशी डिझेल जनरेटरची असते, तेव्हा 'धूर नाही' हा दावा पाण्यापुरताच खरा. छपरावरच्या सौर पट्ट्यांवर चार्ज होणारी लहान बॅटरी मला जास्त वेगापेक्षा मोलाची वाटेल.

अहवालात मी दोन मागण्या लिहिल्या: फॉइलच्या पात्याभोवती पूर्ण कडं आणि रिमोटवर लगूनसाठी वेगाची वेगळी मर्यादा. पेट्रोलच्या बोर्डासमोर, भिंतीच्या आतल्या वापराच्या रकान्यात, शून्य गुण दिले.