जॅक्सनचे एल्क

आज अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या जॅक्सनला नॅशनल एल्क रेफ्यूजमध्ये, म्हणजे एल्कसाठी राखलेल्या अभयारण्यात, घोड्यांच्या स्लेजमधून (बर्फावरच्या घसरगाडीतून) फेरी झाली. एल्क म्हणजे आपल्या सांबराचे थोराड भाऊबंद, आणि ते इतक्या जवळून दिसणं हे भाग्यच! स्लेजमध्ये हालचाल नसते, त्यामुळे आधी पाय गारठतात. मोज्यांचे दोन जोड कोंबून बूट आवळू नका. रक्त खेळत नाही, गारठा वाढतो. बूटच सैल घ्या.

१९१२ साली स्थापन झालेल्या या रेफ्यूजमध्ये शरदात परवान्याने शिकारही चालते. आपल्याकडचे हे ऐकून दचकतात. पण हिवाळ्यात इथे घातल्या जाणाऱ्या चाऱ्यामुळे कळप एका जागी दाटतात, ब्रुसेलोसिससारखे रोग पसरतात, म्हणून संख्या आटोक्यात ठेवावी लागते. शिकाऱ्याच्या अंगावर झगझगीत केशरी किंवा गुलाबी कपडा कायद्यानेच हवा.

खरी चूक शिकारीनंतर होते. एल्कचं कातडं जाड, मांडीच्या हाडापाशी ऊब कोंडते आणि बाहेर बर्फ असूनही मांस आंबतं. लगेच सोलून, चारही फरे सुटे करून सावलीत वाऱ्यावर टांगायचे. गोळी तांब्याचीच वापरा. शिशाच्या गोळीचे कण शिकारीनंतर टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात, ती गरुड आणि डोमकावळे खातात आणि विष त्यांच्या रक्तात उतरतं.

गळालेली शिंगं मात्र उचलायची नाहीत. ती बॉय स्काउट गोळा करतात, मे महिन्यात गावात लिलाव होतो आणि बरीचशी रक्कम रेफ्यूजकडेच परत येते.