पावतीवर साल नसतं

जळगावच्या सराफ बाजारात मोडीला आलेला कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया, एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम. त्यावरचं साल कोणी वाचत नाही. मी वाचतो, म्हणून गेल्या हंगामातली एक पावती अजून डोक्यातून जात नाही.

धरणगावकडचे एक आबा पितळी गडव्यात रुपये घेऊन आले. "भाऊ, तोलीसन सांगा," एवढंच म्हणाले. कापूस घरात पडून होता आणि खतवाल्याची उधारी डोक्यावर होती.

मोजले तर 40 भरले. राणीछाप 19, एडवर्डचे 7, पंचम जॉर्जचे 11, सहाव्या जॉर्जचे 3. पंचम जॉर्जच्या अकरांत शेवटचं साल 1920, आणि त्यानंतर एकदम 1938. ही मधली पोकळी खानदेशातल्या कुठल्याही जुन्या गाठोड्यात सापडते. पहिल्या महायुद्धात रुपयाची मागणी इतकी वाढली की 1918 च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेकडून 20 कोटी औंस चांदी घ्यावी लागली. युद्ध संपल्यावर तेच रुपये सरकारी तिजोरीत परतू लागले. पुढे 1929 नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले, शेतकऱ्यांनी पुरून ठेवलेलं सोनं-रूपं बाहेर काढलं, मग नवा रुपया पाडायचा कशाला? 1923 ते 1937 या सालांचा चलनी रुपया नाहीच. उलट त्या काळात सरकारच जुने रुपये आटवून चांदी विकत होतं. संग्राहक मात्र किती पाडले तेवढाच आकडा पाहतात. किती आटले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि खरी दुर्मिळता तिथेच ठरते.

आबांनी खिशातून पावती काढली. याच गडव्यातले रुपये महिन्यापूर्वी दुसऱ्या एका पेढीवर मोडले होते. पावतीवर दोनच आकडे: वजन 1150 ग्रॅम, टंच (शंभरात चांदी किती) 83.3.

झिजलेला रुपया साधारण 11.5 ग्रॅम भरतो, म्हणजे ते 100 नग. जुन्या रुपयाचा टंच 91.7. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, बाकी 40 टक्के तांबं आणि निकेल, जस्त पाच-पाच टक्के. सरासरी 83.3 वर यायला शंभरात वीस नग निम्म्या चांदीचे हवेत. ते वेगळे न काढता सगळे एकाच मुशीत टाकले! निकेल मिसळलं की शुद्धीकरण अवघड होतं आणि घट जास्त कापली जाते. हा निव्वळ आळस आहे. निवडायला दहा मिनिटं पुरतात. नाणं उभं धरून काठ पाहायचा: सरळ दाते असतील तर जुना, दात्यांच्या मधोमध खाच असेल तर युद्धकाळातला. तरी शंका राहिली तर दोऱ्याने बांधून पाण्यात तोलायचा. 11.66 ग्रॅमचा जुन्या चांदीचा रुपया पाण्यात 1.13 ग्रॅमने हलका होतो, निम्म्या चांदीचा 1.22 ने. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर हा फरक लपत नाही. झिजलेल्या नाण्याला मात्र हवेतलं वजन भागिले पाण्यातली घट असंच करावं लागतं. उत्तर 10.3 च्या आसपास आलं तर जुना, 9.5 आलं तर नंतरचा.

पैशाच्या नुकसानीपेक्षा मला दुसरीच गोष्ट सलते. गडव्यात 1938 चे तीन शिल्लक होते आणि 1940 नंतरचे वीस आटले होते. म्हणजे भांडं तेव्हाही भरतच होतं. मग मधलं 1939? जुन्या चांदीचा तो शेवटचा रुपया. युद्ध पेटलं, चांदी निम्मी करायचं ठरलं आणि 1939 चे फार थोडे उरले. आज 1938 च्या आठाचा नऊ कोरून विकतात, इतकी त्याला मागणी आहे. अशा नाण्याला पाण्याचा काटा उपयोगाचा नाही, कारण चांदी तीच असते. दहापट भिंगाखाली नऊच्या पोटात आणि भोवतीच्या सपाटीवर कानशीचे ओरखडे शोधावे लागतात.

चाळीसपैकी सहा-सात रुपये सुनेने चिंचेने लख्ख घासले होते. चांगल्या सालाच्या नाण्याचंही मोल अशाने जातं. हे आबांना सांगितलं. बाकीचे घासू नका म्हटलं.

सगळ्यांची सालं आणि मुंबई टांकसाळीची खूण असलेला ठिपका आहे की नाही ते वहीत उतरवून घेतलं. आबांनी 37 मोडीत दिले आणि 1938 चे तीन गडव्यात परत टाकले. जाताना विचारलं, "त्या शंभरात काही होतं का?" टंचावरून वीस सांगता आले. उरलेल्या ऐंशींचं काय सांगणार? पावतीची नक्कल मी वहीच्या त्याच पानाला टाचून ठेवली आहे.