उलटा कोरलेला ठसा

शाळेच्या आठवणी बाकीच्या बॅचवाले लिहितीलच. मी लिहितोय एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी व्यंगचित्रांबद्दल. चित्रकलेच्या तासाला बटाट्यावर नाव कोरताना अक्षर उलटं काढावं लागतं, एवढं लक्षात असलं की पुढचं सोपं आहे.

न्यूयॉर्कचं 'हार्पर्स वीकली' १८५७ साली सुरू झालं. त्याचा गाजलेला व्यंगचित्रकार थॉमस नास्ट. चित्रं लाकडावर कोरत, कारण उठावाचा ठसा (छापायची रेष वर, बाकी भाग उकरलेला) छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांइतक्याच उंचीचा केला की मजकुराबरोबर एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, आवळता येतो. लाकूड बॉक्सवुड नावाच्या कठीण, घट्ट झाडाचं, खोड आडवं कापून घेतलेलं. त्याचं खोड बारीक, म्हणून पानभर चित्रासाठी काही इंचांचे तुकडे मागून बोल्टने जोडायचे. नास्ट त्यावर पेन्सिलीने उलटं चित्र काढायचा. घाई असली की ठोकळा सुटा करून तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. सांध्यावरून जाणाऱ्या रेषा आधीच कोरून घेत, नाहीतर दोन हातांचं काम जुळत नाही. सांधा सैल राहिला की छापात पांढरी रेघ येते. जुन्या अंकांत ती चक्क दिसते. हजारो प्रतींच्या दाबाखाली लाकूड तडकतं, म्हणून त्याचा मेणात साचा घेऊन त्यावर तांब्याचा पातळ थर चढवत आणि छपाई त्या पत्र्यावरून करत.

नास्टची सावली म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी. पेन्सिलीचे ते चार फराटे. कोरणाऱ्याला मात्र जाळीतला प्रत्येक पांढरा ठिपका वेगळा उकरायचा असतो. नास्टने काढलेल्या कुठल्याही काळ्या कोटावर भिंग धरा, मजुरी कळेल.

खरी फसगत तारखेत होते. अंकावर पुढची तारीख छापायची पद्धत होती. विल्यम ट्वीड म्हणजे न्यूयॉर्क महापालिकेच्या फुगवलेल्या बिलांवर पोसलेल्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेतल्या टोळीचा म्होरक्या. त्याच्यावरचं वाघाचं दुपानी चित्र ११ नोव्हेंबर १८७१ च्या अंकातलं, मतदान ७ तारखेचं. म्हणून ते निकालानंतरचं समजतात. प्रत्यक्षात अंक मतदानाआधीच लोकांच्या हातात होता. (वाघ तरी कुठला? ट्वीड तरुणपणी ज्या अग्निशमन पथकाचा नायक होता, त्याच्या बंबावर रंगवलेला.)

७ नोव्हेंबर १८७४ च्या हत्तीच्या चित्रातही फसगत होते, पण ती वेगळी. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट तिसऱ्यांदा त्याच पदाला उभे राहणार, अशी हूल 'न्यूयॉर्क हेरल्ड' या वर्तमानपत्राने उठवली होती. चित्रात बिथरलेला हत्ती आहे, त्याच्यावर 'रिपब्लिकन मतं' असं लिहिलंय. सिंहाचं कातडं पांघरलेल्या गाढवाला सगळे बिनदिक्कत डेमोक्रॅटिक पक्ष ठरवतात. कातड्यावरची 'सीझरशाही' (म्हणजे एकहाती हुकूमशाही) ही अक्षरं कोणी वाचतच नाही. ते गाढव म्हणजे 'हेरल्ड'. डेमोक्रॅटिक पक्ष त्या चित्रात कोल्हा आहे, खड्ड्याच्या काठाशी.